पाळणाघराचा हिशेब

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

'पाळणाघर' हा शब्द आपल्या भाषेत आता पुरता रुळला आहे. शहरातल्या कोणत्याही वस्तीत जिन्याच्या तोंडाशी 'घरगुती पाळणाघर' अशी एखादी पाटी दिसतेच. आईवडील दोघेही कामाला जातात, घरात आजीआजोबा नाहीत, मग मुलाला कोठे ठेवायचे? पाळणाघरात. उत्तर सोपे वाटते. परंतु ज्यांना ते प्रत्यक्ष शोधावे लागले आहे त्यांना विचारून पाहावे. जवळ असते ते मनास येत नाही, मनास येते ते परवडत नाही, आणि परवडणारे व चांगले असे एखादे सापडलेच तर तेथे जागा नसते. मागणी वाढली की पुरवठा वाढतो, हा नियम आपण पहिल्याच वर्षी शिकतो. मग तो येथेच का अडखळावा? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

विषय निवडण्याचे कारण घरचेच आहे. माझी आई गेली अकरा वर्षे आमच्या दोन खोल्यांच्या घरात पाळणाघर चालवते. सध्या बारा मुले आहेत. सर्वांत लहान नऊ महिन्यांचे, सर्वांत मोठी साडेपाच वर्षांची. मुले तिला काकू म्हणतात आणि मदतीला येणाऱ्या बाईंना मावशी. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आईची जमाखर्चाची वही घेऊन बसले. जे पुस्तकात वाचूनही नीट उमगले नव्हते, ते त्या वहीत दिसले.

चांगले पाळणाघर म्हणजे काय?

पालक जागा पाहायला येतात तेव्हा बहुधा भिंतीवरची चित्रे, खेळणी आणि फरशी पाहतात. त्यात गैर काही नाही. पण आईच्या मते विचारण्यासारखे प्रश्न निराळे आहेत. किती मुलांमागे किती मोठी माणसे आहेत? तीच माणसे वर्षभर टिकतात की दर दोन महिन्यांनी बदलतात? दुपारी मुले झोपलेली असताना कोणी जागे असते का? मुलाला न्यायला रोजच्यापेक्षा वेगळे माणूस आले तर काय करतात? या चारही प्रश्नांचा संबंध माणसांशी आहे, वस्तूंशी नाही. खेळणी एकदा आणली की झाले. माणूस मात्र रोज लागते, आणि दिवसभर लागते.

नऊ महिन्यांचे मूल स्वतः जेवत नाही. त्याला वरणभात भरवायला वीस मिनिटे लागतात; कधी अर्धा तासही लागतो. या कामाला यंत्र नाही. यंत्रमागावरचा कामगार हातमागावरच्या विणकरापेक्षा कितीतरी अधिक कापड काढतो, म्हणून त्याची मजुरी वाढूनही कापड स्वस्त राहू शकते. भरवण्याचे काम मात्र शंभर वर्षांपूर्वी जेवढा वेळ घेत होते तेवढाच आजही घेते. विल्यम बॉमोल व विल्यम बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात नाटक आणि संगीत यांच्या अर्थव्यवहाराचा अभ्यास करताना हेच दाखवले. चार वादकांसाठी रचलेले संगीत वाजवायला जुन्या काळी चार माणसे लागत, आजही चारच लागतात. पण इतर धंद्यांतली मजुरी वाढते तशी त्या चौघांचीही वाढवावी लागते. म्हणून अशी कामे इतर वस्तूंच्या मानाने महाग होत जातात. मुले सांभाळणे हे त्याच जातीचे काम आहे.

आता आकडे

पुढील आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. गावोगावी ते बदलतील. समजा, बारा मुलांसाठी दोन बायका आहेत आणि प्रत्येकीला महिना १२,००० रुपये मिळतात. त्याचे २४,००० झाले. खोलीचे भाडे १०,०००. दूध, खाऊ, गॅस, वीज, साबण, औषधाची पेटी, चादरी वगैरे मिळून ६,०००. एकूण ४०,०००. बारा मुलांत वाटले तर एका मुलामागे सुमारे ३,३३३ रुपये येतात. जिचा स्वतःचाच पगार १२,००० आहे, अशा दुकानात काम करणाऱ्या आईने चौथ्या हिश्श्याहून अधिक पैसे येथे द्यायचे. दोन मुले असतील तर निम्म्याहून अधिक. मग नोकरी कशासाठी करायची, असा प्रश्न घरात कोणी ना कोणी विचारतोच. आणि नोकरी सोडायची वेळ आली की ती वडिलांनी सोडावी असे सहसा कोणी म्हणत नाही.

फी कमी करायची कशी? भाडे आपल्या हातात नाही. दूध पातळ करायचे नाही. उरतो एकच मार्ग. त्याच दोन बायकांकडे बाराऐवजी पंचवीस मुले द्यायची. खाण्यापिण्याचा खर्च थोडा वाढून एकूण ४४,००० धरला, तर दर मुलामागे १,७६० रुपये येतात. फी जवळजवळ निम्मी झाली! पण त्यासाठी दिले काय, तर मुलाच्या वाट्याचे माणूस. तेथे रडणारे मूल उचलले जाईल, पण आपली पाळी आल्यावर. कोणी त्याच्याशी बोलेलच असे नाही. पहिल्या तीन वर्षांत मूल भाषा शिकते ती त्याच्याशी कोणी बोलते म्हणून, हे ध्यानात घेतले म्हणजे हा तोटा किती मोठा आहे ते कळते.

यातून निष्कर्ष निघतो तो असा, की पाळणाघराचा खर्च म्हणजे मुख्यतः माणसांची मजुरी, आणि पाळणाघराचा दर्जा म्हणजेही मुख्यतः माणसेच. जो खर्च कमी करायचा, तोच दर्जा आहे. म्हणून केवळ पालकांच्या फीवर चालणारे पाळणाघर एकाच वेळी स्वस्त आणि चांगले होऊ शकत नाही.

मग माझ्या आईचे कसे चालते?

हा प्रश्न मी वही पाहताना स्वतःलाच विचारला. आईची फी वरच्या ३,३३३ रुपयांहून पुष्कळच कमी आहे, आणि मुले बाराच आहेत. उत्तर वहीच्या कोऱ्या रकान्यांत होते. भाड्याचा रकाना कोरा, कारण घर आमचे. आईच्या पगाराचा रकाना कोरा, कारण तो तिने कधी धरलाच नाही. मावशींना जे मिळते ते दुसऱ्या कोणत्याही कामात त्यांना याहून जास्त मिळाले असते. महिन्याअखेर जे उरते त्याला आई 'कमाई' म्हणते. पण दिवसाच्या अकरा तासांनी त्याला भागले तर जो आकडा येतो तो येथे लिहावासा वाटत नाही.

म्हणजे येथे एक तिसरा भागीदार आहे, आणि तो हिशेबात कोठेच दिसत नाही. स्वस्त पाळणाघराची उरलेली किंमत कोणीतरी भरतच असते. कोठे ती पाळणाघर चालवणारी बाई भरते, कोठे गुडघे दुखत असताना नातवामागे धावणारी आजी. कोठे धाकट्या भावाला कडेवर घेऊन शाळा बुडवणारी बहीण भरते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे मूल फडाच्या कडेला झोळीत झोपते, तेथे ती किंमत मूलच भरते. दुसऱ्याचे मूल सांभाळायला जाणारी बाई स्वतःचे मूल कोणाकडे ठेवून येते, हे तर आपण क्वचितच विचारतो.

कायदा काय म्हणतो?

हा प्रश्न आपल्याकडे कोणालाच सुचला नव्हता असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात पन्नासहून अधिक स्त्रिया काम करीत असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर ठेवण्याचे बंधन होते. १९७६ मध्ये ही संख्या तीसवर आणली गेली. हेतू चांगला होता. पण मोजणी स्त्रियांची असल्यामुळे मालकाला एकोणतीस-तीस बायकांवरच थांबण्याचा मोह होणे अगदी स्वाभाविक होते. प्रसूतिलाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने ही मोजणी बदलली. पन्नास वा अधिक कर्मचारी, मग ते पुरुष असोत की स्त्रिया, असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय हवी, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाता आले पाहिजे, असे त्यात म्हटले. सामाजिक सुरक्षेच्या २०२० च्या संहितेतही पन्नासाचीच मर्यादा आहे. मूल केवळ आईचे नव्हे, हे निदान मोजणीपुरते तरी कायद्याने मान्य केले.

पण बहुसंख्य स्त्रिया शेतात, घरकामात, लहान दुकानांत वा घरबसल्या कामात आहेत. त्यांच्या मालकाकडे पन्नास माणसे नाहीत. अनेकींना मालकच नाही. त्यांच्यासाठी शासनाची व्यवस्था म्हणजे अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि आज अंगणवाडी गावोगाव पोचली आहे. परंतु ती दिवसातून काही तासच भरते आणि तेथे बसतात ती मुख्यतः तीन वर्षांवरची मुले. आई सकाळी कामावर जाते ती संध्याकाळी परतते. मधल्या तासांचे काय? ही उणीव भरून काढण्यासाठी २०२२ पासून 'पालना' योजनेखाली अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याचे धोरण केंद्र सरकारने घेतले आहे. दिशा योग्य आहे. मात्र अंगणवाडीच्या ताईंना पगार नव्हे, मानधन मिळते, हे विसरता कामा नये. तेथेही तो कोरा रकाना आहेच.

याआधी काहींनी वाट दाखवली होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला, आणि १९५७ पासून कोसबादच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणात न्यावी, ही अंगणवाडीची कल्पना त्यांचीच. कोसबादच्या विकासवाडीत त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. यातले मर्म साधे आहे. धाकट्याला ठेवायला जागा मिळाली तरच मोठी बहीण वर्गात बसू शकते. पुढे १९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामावरच्या मजूर स्त्रियांच्या मुलांसाठी त्या जागीच फिरती पाळणाघरे सुरू केली, आणि हे काम नंतर मुंबई-पुण्यातही आले. या दोन्ही ठिकाणी सर्व खर्च आईवडिलांच्या फीतून निघावा अशी अपेक्षा कोणी ठेवली नाही. म्हणूनच ती उभी राहू शकली.

आपल्यापुरते काय?

शाळेच्या इमारतीचा खर्च आपण केवळ पालकांकडून घेत नाही. सहा वर्षांच्या मुलाचे शिक्षण ही समाजाची जबाबदारी मानतो. मग दोन वर्षांच्या मुलाची काळजी तेवढी खाजगी बाब कशी? खर्चाचे तीन भाग करावेत: एक पालकांचा, एक मालकाचा, एक शासनाचा. असे झाले तरच सांभाळणाऱ्या बाईच्या पगाराचा रकाना भरता येईल.

आपल्या महाविद्यालयात प्राध्यापक व कर्मचारी मिळून पन्नासाहून अधिक आहेत. शेजारी बँक आहे, दोन शाळा आहेत. २०१७ च्या दुरुस्तीने अनेकांनी मिळून सामाईक सोय करण्याचीही मुभा दिली होती. ग्रंथालयामागची खोली गेली दोन वर्षे मोडक्या बाकांनी भरलेली आहे. माझ्या वर्गात पहिल्या वर्षी असलेल्या दोन विवाहित मैत्रिणी आज वर्गात नाहीत. दोघींचीही मुले अजून तीन वर्षांची झालेली नाहीत. माझ्या आईच्या पाळणाघरात त्यांना ठेवता आले असते, पण तेथे तेरावे मूल ती घेत नाही, आणि का घेत नाही ते वर सांगितलेच आहे.

ती खोली रिकामी करायला किती खर्च येईल, तेथे दोन बायकांना रास्त पगारावर नेमले तर पालकांवर, संस्थेवर आणि शेजाऱ्यांवर किती भार पडेल, याचा एक तक्ता मी तयार केला आहे. तो विभागात ठेवला आहे. गुरुजनांनी आणि मित्रमैत्रिणींनी तो जरूर पाहावा, आकडे चुकले असतील तर दुरुस्त करावेत, आणि पुढील वर्ष सुरू होण्यापूर्वी त्यावर एकदा बैठक व्हावी, अशी नम्र विनंती आहे.