पुंजभौतिकीचे पुस्तक निवडताना

पुंजभौतिकीवरील पुस्तके आता पुष्कळ मिळतात आणि गणिताविना विश्वाचे गूढ उकलून देण्याचे आश्वासन त्यांपैकी बरीच देतात. त्यांतून निवड कशी करावी? पुस्तक विकत घेण्यापूर्वी त्यातील तीन ठिकाणे वाचून पाहावीत.

पहिले, दोन फटींचा प्रयोग. एका वेळी एकच इलेक्ट्रॉन सोडला, तर पडद्यावर एकच ठिपका उमटतो. असे हजारो ठिपके जमले की तरंगांसारखे पट्टे दिसू लागतात. एवढे निर्विवाद आहे. त्याचा अर्थ काय, यावर मात्र शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. लेखकाने प्रयोग आणि अर्थ वेगळे ठेवले आहेत का, ते पाहावे.

दुसरे, ‘निरीक्षण’ हा शब्द. इलेक्ट्रॉन कोणत्या फटीतून गेला याची नोंद उपकरणाने घेतली, की पट्टे नाहीसे होतात. ती नोंद कुणी वाचो वा न वाचो. येथून ‘विचारांनी रोग बरा होतो’ या विधानावर उडी मारणारे पुस्तक खाली ठेवावे. आजारी माणसाने त्यावर विसंबून औषध थांबवले, तर हानी पैशापुरती राहत नाही.

तिसरे, परस्परांशी गुंतलेले कण. दूर असूनही त्यांच्या मोजमापांत विलक्षण मेळ आढळतो. जॉन बेल यांनी 1964 साली या मेळाची कसोटी मांडली; त्यासंबंधीच्या प्रयोगांसाठी आस्पे, क्लाउझर आणि त्साइलिंगर यांना 2022 चे नोबेल मिळाले. तरीही या मार्गाने प्रकाशाहून वेगाने निरोप पाठवता येत नाही. हे वाक्य ज्या पुस्तकात स्पष्ट आहे, त्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

प्रारंभ मनजित कुमार यांच्या ‘क्वांटम’पासून करावा; आइन्स्टाइन आणि बोर यांचा वाद त्यात गोष्टीसारखा उलगडतो. नंतर रिचर्ड फाइनमन यांचे ‘क्यूईडी’ (1985) घ्यावे. सामान्य श्रोत्यांपुढे दिलेल्या चार व्याख्यानांतून ते तयार झाले असून, अवघड हिशेब ते छोट्या बाणांनी समजावतात. अर्थाविषयीच्या वादासाठी फिलिप बॉल यांचे ‘बियाँड विअर्ड’ (2018) शेवटी वाचावे.

ही पुस्तके इंग्रजीत आहेत. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या नातवंडाने ती वाचावीत आणि आजी-आजोबांना मराठीत समजावून सांगावीत. सांगताना तो जिथे अडेल, तिथून दोघांनी ते पान पुन्हा वाचावे.