शिळेवर बसलेला राजपुत्र

बिद्रीहून गारगोटीच्या पुढे गेले की भुदरगड लागतो. तो कुणी बांधला? म्हातारी माणसे सांगतात, "भोजराजानं!"

भोजराजा खराच होऊन गेला. पन्हाळ्यावर त्याचे राज्य होते. घराणे शिलाहारांचे. शिला म्हणजे दगड, आहार म्हणजे जेवण. असे नाव का पडले? त्याची गोष्ट ऐका.

गरुडाला रोज एक नाग खायला द्यावा लागे. एकदा शंखचूड नागाची पाळी आली. त्याची आई धाय मोकलून रडू लागली. जीमूतवाहन नावाच्या राजपुत्राला ते बघवेना. तो स्वतःच शिळेवर जाऊन बसला. गरुडाने चोचीने टोचले, तरी हलला नाही. शेवटी गरुडच वरमला.

शिलाहार म्हणत, आम्ही त्याचेच वंशज. तसे त्यांनी लेखांत कोरून ठेवले. निशाणावर सोन्याचा गरुड घेतला. एवढ्या दानशूराचे रक्त म्हटल्यावर राजाचा शब्द कोण मोडणार?

सगळीकडे हेच. दूर आयर्लंड देशात तारा नावाची टेकडी आहे. खऱ्या राजाचा पाय लागला की तिथला दगड ओरडतो, अशी कथा. तिथल्या मठवासी साधूंनी जुन्या राजांची लांबलचक यादी लिहिली. तीतले कितीतरी राजे कधी झालेच नाहीत. लिहिले म्हणजे खरेच असते, असे नव्हे.

सुमारे १२१२ साली देवगिरीच्या सिंघण यादवाने भोजाला हरवले. मग यादवांनी आपला लेख कोरला. त्यात सिंघण झाला गरुड, आणि पन्हाळ्याचा भोज झाला साप!