गाव सुटल्याचे गाणे

परवा पनवेलजवळच्या एका आगरी घरी हळदीला गेलो होतो. मांडवात म्हातारी धवलारीण धवले म्हणत होती आणि बाहेर टेम्पोवर चढवलेल्या स्पीकरांपुढे तिचा शब्द चार पावलेही पोचत नव्हता. तिचे मूळ गाव नवी मुंबई विमानतळाच्या जागेत गेले. जेवताना मी तिला विचारले, गाव उठल्याचे काही गाणे आहे का हो? ती हसून म्हणाली, धवल्यात लग्नाचे सगळे विधी आहेत. गाव उठण्याचा विधी कुठे असतो?

घरी आलो आणि ब्राझीलचे एक जुने गाणे लावले. त्या देशाच्या संगीताचा मला बरीच वर्षे नाद आहे. ब्राझील आपल्याला वाटतो तितका परका नाही. १५०० साली हिंदुस्थानाकडे निघालेला काब्रालचा पोर्तुगीज ताफा आधी ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला आणि त्याच वर्षी कालिकतला पोचला. तिथला काजू पुढे पोर्तुगीजांनीच आपल्याकडे आणला. काजू हा शब्दही मूळचा तिथल्या तुपी भाषेतला. गाणी तेवढी आली नाहीत.

मी लावलेले गाणे ‘आझा ब्रांका’, म्हणजे पांढरा पंख. ते एका रानकबुतराचे नाव. लुईस गोंझागा आणि उंबेर्तो तेशेरा यांनी ते १९४७ मध्ये केले. ईशान्य ब्राझीलमध्ये दुष्काळ पडतो, गुरे मरतात, कबुतरही उडून जाते आणि शेवटी माणूस प्रेयसीचा निरोप घेऊन निघतो. पाऊस पडला की परतेन, असे वचन देऊन. गोंझागा स्वतः त्याच मुलखातला. रिओसारख्या शहरात तो गुराख्यांची चामडी टोपी घालून गाई. साथीला अ‍ॅकॉर्डियन (गळ्यात अडकवलेली पेटीच म्हणा), एक ढोल आणि लोखंडी त्रिकोण. या ठेक्याला ‘बायांव’ म्हणतात. दुष्काळाला कंटाळून मुंबई गाठणाऱ्या आपल्या माणसांची कथा याहून वेगळी नाही.

सांबाचेही तसेच. गुलामगिरी १८८८ मध्ये संपली आणि बाहियातून रिओत आलेल्या कृष्णवर्णीयांच्या घरांत तो वाढला. तिया सियाता नावाच्या, मिठाई विकणाऱ्या बाईच्या घरी गाण्याच्या बैठकी जमत. पोलिसांचा त्या काळी अशा बैठकींवर डोळा असे. ‘पेलु तेलेफोनी’ या गाण्याची १९१६ मध्ये दोंगाच्या नावाने नोंद झाली तेव्हा, ते तर आम्ही सगळ्यांनी मिळून रचले, अशी तक्रार झाली. पुढे हाच सांबा देशाची ओळख झाला. त्यातूनच १९५८ च्या सुमारास जुआंव जिल्बेर्तोने गिटारवर, जवळजवळ कुजबुजत गायलेला बोसा नोव्हा निघाला आणि जगभर गेला.

आपला धागा मात्र साल्वादोरच्या बंदरात सापडतो. गांधीजींच्या हत्येनंतरच्या वर्षी, १९४९ मध्ये, तिथल्या गोदी कामगारांनी ‘फिल्युस द गांधी’, गांधींची लेकरे, या नावाचे पथक काढले. पांढरे कपडे आणि डोक्याला टॉवेलचे फेटे बांधून ते आफ्रिकी ठेक्यावर कार्निव्हलमध्ये उतरले. आजही उतरतात. आपल्या माणसाचे दुःख त्यांनी आपलेसे केले आणि त्याचे गाणे केले.

उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी अशी दहा गावे विमानतळासाठी उठली. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. मोबदल्याचे आकडे, भूखंडांचे नकाशे, आंदोलनांच्या तारखा, सारे कागदावर आहे. पण घराला शेवटचे कुलूप लावताना बाईला काय वाटले, ते कागदावर येत नाही. ते गाण्यातच येते. ब्राझीलचा दुष्काळ मला कळला तो आकड्यांतून नव्हे, एका कबुतरातून.

धवलारणीचे म्हणणे खरे आहे. गाव उठण्याचा विधी नसतो. पण दुष्काळाचा तरी कुठे होता? कोणीतरी पहिल्यांदा गायले, इतकेच. पुढच्या आठवड्यात तिच्या नव्या घरी जाणार आहे. आधी तिचे धवले ध्वनिमुद्रित करीन. मग पुन्हा तोच प्रश्न विचारीन, यावेळी स्पीकर नसताना.