दुकान अब्बांचे, कष्ट कोणाचे?

मुलगा पस्तिशीचा. त्याची दोन मुले शाळेत जातात. सकाळी शटर तोच उघडतो, नाशिकहून माल तोच आणतो, आठवडे बाजाराच्या दिवशी दोन घास उभ्यानेच खातो. आणि बायकोला माहेरी जायचे असले की गल्ल्याजवळ येऊन हळूच म्हणतो, "अब्बा, दोन हजार हवे होते." अब्बा विचारतात, "कशाला?" त्या विचारण्यात राग नसतो, संशयही नसतो, नुसती सवय असते. पैसे मिळतातही. पण मागावे लागतात, आणि सांगावेही लागते.

बाजारपेठेवर जगणाऱ्या आपल्या कितीतरी गावांत हे चित्र आहे. हरसूलचा विचार इथे एवढ्यासाठी करायचा, की तिथे वेगळे होण्याच्या वाटा फार थोड्या आहेत. नाशिक जिल्ह्याच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातले हे बाजाराचे गाव. एका अंगाला पेठ, दुसरीकडे जव्हार-मोखाडा, पलीकडे गुजरातची हद्द. भोवतालच्या पाड्यांवर महादेव कोळी, कोकणा, वारली वस्ती आणि पावसावरची शेती : भात, नागली, वरई, खुरासणी. पावसाळा सरला की अनेक कुटुंबे दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला जातात आणि मजुरी गाठीला बांधून परततात. अशा मुलखात दुकान उधारीवर चालते. पावसाळ्यात नेलेला माल मजुरी हाती आल्यावर फिटतो. महिन्याची कमाई ठरलेली नसते, म्हणून मुलाचा पगारही ठरत नाही. गल्ला एक, चूल एक आणि उधारीची वही अब्बांच्या उशाशी.

मग मुलाने स्वतःचे वेगळे दुकान का थाटू नये? पहिली अडचण जागेची. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार १९७४ पासून आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकत, गहाण किंवा भाड्याने घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची आणि बहुतेक व्यवहारांत राज्य शासनाचीही मंजुरी लागते. हा कायदा योग्यच आहे. तो नसता तर डोंगरातल्या जमिनी केव्हाच सावकारांच्या घशात गेल्या असत्या. पण त्याचा एक परिणाम असा, की इथल्या मुस्लिम दुकानदाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या मुलाला नवी जागा सहजी मिळत नाही. जुन्याच घरावर मजला चढतो, खोलीत पार्टिशन पडते, आणि तीन संसार एका जिन्याने चढउतार करतात.

दुसरी वाट नाशिकची. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात कंत्राटी काम मिळते, पण रोज हरसूलहून जाऊन-येऊन ते निभत नाही. खोली घ्यायची तर भाडे, डिपॉझिट, खाणावळ. एवढे सगळे भागवून घरी काय पाठवणार? त्यातच थोरला मुलगा असेल तर दुकान कोणी सांभाळायचे, हा प्रश्न त्याच्या पायात अडकलेला. जुलै २०१५ च्या हिंसाचारात हरसूलमध्ये दुकाने लुटली आणि जाळली गेली. ज्या घराची सगळी पुंजी एका शटरमागे असते, त्याच्यासाठी एक दिवस किती महाग पडू शकतो हे त्या वेळी दिसले. पुन्हा उभे राहताना घरातले सगळे हात त्याच दुकानाला लागणार, हेही ओघानेच आले.

तेव्हा बापाच्या घरात राहणारा हा तरुण ऐतखाऊ आहे, हे म्हणणे सोडून द्यावे. तो कमावतो. अडचण एवढीच, की त्याची कमाई कुठेच लिहिलेली नाही. आणि जे लिहिलेले नाही त्याचे पुढे काय होते, हे बहुतेक घरांना फार उशिरा कळते.

आपल्याकडे सर्रास एक समजूत आहे : दुकान आजोबांचे, मग अब्बांचे, म्हणजे आमचा हिस्सा त्यात आहेच. ही समजूत शेजारच्या हिंदू एकत्र कुटुंबावरून आपल्या घरात आली आहे. मुस्लिम कायद्यात वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतःच हिस्सा मिळत नाही. वडील हयात असेपर्यंत सगळे त्यांचे. मुलाचा वारसाहक्क त्यांच्या मृत्यूच्या क्षणी उभा राहतो, त्याआधी नाही. मग पंधरा वर्षांच्या राबण्याचे काय? हनफी फिक्हचे एकोणिसाव्या शतकातले मोठे विद्वान इब्न आबिदीन यांच्या 'रद्दुल मुहतार'मध्ये नेमका हा प्रश्न आला आहे. मुलगा वडिलांच्या कुटुंबात राहून त्यांच्याच व्यवसायात हात लावत असेल आणि त्याचे स्वतःचे भांडवल नसेल, तर कमाई वडिलांची. मुलगा मदतनीस समजला जाईल. वेगळा करार असेल तर गोष्ट वेगळी. आपल्या घरांत करार नसतो, म्हणून शेवटी 'मदतनीस' हाच शिक्का उरतो.

याचा हिशेब आकड्यांत मांडून पाहू. समजा, एका दुकानदाराला पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी आहे. थोरला पंधरा वर्षे दुकानात, धाकटा नाशिकला शिकून नोकरीला लागलेला, मुलगी सासरी. वडील गेले. कफन-दफनाचा खर्च आणि कर्जे फेडून घर, दुकान, माल मिळून चाळीस लाख उरले. पत्नीला आठवा हिस्सा, म्हणजे पाच लाख. उरलेल्या पस्तीस लाखांत मुलाला दोन भाग, मुलीला एक. दोन्ही मुलांना चौदा-चौदा लाख, मुलीला सात लाख.

थोरला म्हणतो, हा कसला न्याय? बाहेरचा गडी महिना आठ हजारांवर ठेवला असता तरी पंधरा वर्षांत चौदा लाख चाळीस हजार द्यावे लागले असते. तो चुकत नाही. त्याच्या संसाराचा खर्च दुकानातून झाला हे खरे, तरीही त्याच्या मेहनतीतले बरेच काही त्या चाळीस लाखांत मुरले आहे, आणि धाकट्याला त्याचा आयता वाटा मिळतो आहे. पण धाकट्याशी भांडणे अवघड. तो शिकलेला, वकील ओळखीचा. मग नजर जाते बहिणीकडे. "तुझ्या लग्नात एवढा खर्च झाला, तुला काय कमी आहे, सही करून दे." ती हक्कसोड पत्रावर सही करते, कारण माहेरचा उंबरठा तिला बंद करून घ्यायचा नसतो. कुरआनने नेमून दिलेला सात लाखांचा हिस्सा अशा रीतीने थोरल्याच्या न दिलेल्या पगारात वळता होतो. बहिणींचे हक्क मारले जातात म्हणून आपण भावांच्या लोभाला नावे ठेवतो. लोभ असतोच, पण कितीतरी घरांत त्याच्या मुळाशी वडिलांनी न केलेला हिशेब असतो. ज्या पैशांची फेड वडिलांनी करायला हवी होती, ती मुलगी करते.

याहून बिकट प्रसंग दुसरा आहे. तो बोलायलाही नको वाटतो, पण बोलले पाहिजे. थोरला मुलगा वडिलांआधी गेला तर? अपघात आहेत, आजार आहेत. अशा वेळी वडिलांचा दुसरा मुलगा हयात असेल तर, आपल्याकडे चालणाऱ्या हनफी नियमाने, गेलेल्या मुलाच्या लेकरांना आजोबांच्या मालमत्तेत वारस म्हणून काहीही मिळत नाही. त्याच्या विधवेला सासऱ्याच्या मालमत्तेत हिस्सा नसतोच. त्याच्या स्वतःच्या नावावर काही असते तर ते बायको-मुलांना, आणि आई-वडिलांनाही, मिळाले असते. पण नावावर काय? एक मोबाईल आणि हप्त्यावरची मोटारसायकल. पंधरा वर्षांचे कष्ट वडिलांच्या खात्यात. ती लेकरे चुलत्याच्या दयेवर.

इजिप्तने १९४६ मध्ये कायदा करून अशा नातवंडांसाठी वसियत बंधनकारक ठरवली. पाकिस्तानने १९६१ च्या कौटुंबिक कायद्यात त्यांना त्यांच्या बापाचा किंवा आईचा हिस्सा दिला. भारतात तसा कायदा नाही, पण मार्ग आहे आणि तो शरियतमधलाच आहे. वसियत मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत करता येते आणि ती वारस नसलेल्याला करता येते. ही नातवंडे वारस नाहीत, म्हणून आजोबा त्यांच्या नावे वसियत करू शकतात. किती आजोबा करतात? दुःखाच्या दिवसांत कागदाची आठवण कोणी काढायची, म्हणून विषय पुढे ढकलला जातो.

घरातल्या बायकांवर या न केलेल्या हिशेबाचा भार रोज पडतो. निकाहनाम्यावर मेहर लिहिला जातो, देणे नवऱ्याचे. आणि नवऱ्याकडे स्वतःचे म्हणावेत असे पाचशे रुपये नसतात. पत्नीचा खर्च ही शौहरची जबाबदारी, पण ती सासऱ्यांच्या खिशातून भागते, म्हणून मुलाच्या औषधासाठीही बोलणे दोन टप्प्यांनी वर जाते. सुनेच्या अंगावर निसाबाइतके सोने असेल तर त्याची जकात तिच्यावर आहे. ती रोख कुठून देणार? एखादी मुलगी माहेरी असते, शाळेत शिकवते, शिलाई करते. तिची कमाई सर्वस्वी तिची. घर चालवण्याची जबाबदारी तिच्यावर नाही. तरी तिचा पगार मात्र नियमाने घरात मागितला जातो. ज्या घरात मुलाचा पगार ठरत नाही, त्याच घरात मुलीचा पगार मोजून घेतला जातो, ही गंमत कोणाच्या लक्षात येत नाही.

वडिलांची बाजूही ऐकली पाहिजे. त्यांना भीती असते. मुलाच्या हातात पैसा गेला की चूल वेगळी होईल, उद्या चहाच्या पैशांसाठी सुनेपुढे हात पसरावा लागेल. ही भीती पोकळ नाही. म्हणूनच, भावनेच्या भरात सगळे दुकान मुलाच्या नावे हिबा करून टाकणे हा उपाय नव्हे. हिब्याला देण्याची घोषणा, स्वीकार आणि प्रत्यक्ष ताबा या तीन गोष्टी लागतात, आणि हनफी नियमाने मुलाला ताबा दिल्यावर तो हिबा परत घेता येत नाही. सांभाळण्याची अट घालून मालमत्ता दिली आणि मुलाने सांभाळले नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली दाद मागता येते, पण उतारवयात त्या फेऱ्या कोणी मारायच्या? शिवाय एकालाच सगळे दिले तर बाकीच्या मुलांवर अन्याय. हजरत नुमान बिन बशीर यांच्या वडिलांनी त्यांना एकट्यालाच देणगी दिली, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यावर साक्षीदार व्हायला नकार दिला, ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. मजुरी मात्र देणगी नव्हे. जो राबला त्याला दिली, इतरांना नाही, यात पक्षपात कसला?

तेव्हा ठरवायचे ते एवढेच : मुलगा दुकानात कोण आहे? पगारी आहे का? मग रक्कम ठरवा, दरमहा त्याच्या बँक खात्यात टाका. मंदीच्या महिन्यात जमले नाही तर ते देणे म्हणून लिहा. ठरलेला आणि राहिलेला पगार हे कर्ज आहे, आणि कर्ज वारसांच्या वाटणीआधी फिटते. वरच्या उदाहरणात जेवणखाण, दवाखाना घराकडे ठेवून फक्त तीन हजार रुपये महिना वेगळे दिले असते, तरी पंधरा वर्षांत पाच लाख चाळीस हजार थोरल्याच्या स्वतःच्या नावावर जमले असते. सहीसाठी बहिणीच्या दारात जायची वेळ बहुधा आली नसती.

की भागीदार आहे? मग १९३२ च्या भागीदारी कायद्याखाली करारपत्र करा, कोणाचे भांडवल किती, नफ्यात कोणाचा वाटा किती, ते लिहा, आणि नोंदणीही करून घ्या. नोंदणी सक्तीची नाही, पण ती नसली तर उद्या फर्मला करारावरून कोर्टात जाता येत नाही. भागीदारी झाली की मुलाच्या नावाला कागदाचा आधार येतो. फर्मच्या नावाने बँकेत चालू खाते उघडताना हाच कागद विचारला जातो. मुद्रासारखी कर्जे व्याजाची म्हणून अनेक घरे घेत नाहीत. ती भूमिका समजण्यासारखी आहे, पण मग घरातल्या घरात दिलेला कर्जे-हसना तरी लिहून द्यावा आणि लिहून घ्यावा.

लिहिण्याची लाज कशाला? कुरआनची सर्वांत लांब आयत (२:२८२) उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि साक्षीदारांबद्दल आहे. पाड्यावरच्या गिऱ्हाइकाचे पाव किलो तेल आपण न चुकता वहीत मांडतो. मुलाचे नाव त्या वहीत कुठेच नसते.

यासाठी वेगळा मुहूर्त शोधायचीही गरज नाही. वर्षातून एकदा, बहुतेक घरांत रमजानच्या सुमारास, जकातीसाठी दुकानाचा हिशेब होतोच. माल मोजला जातो, गल्ल्यातली आणि बँकेतली रोकड धरली जाते, येण्याजोगी उधारी मिळवली जाते, व्यापाऱ्यांचे देणे वजा होते, आणि उरलेल्यावर अडीच टक्के. त्या दिवशी अब्बा, अम्मी, मुलगे एकत्र बसलेले असतात, मुलीला फोन लावता येतो. देण्याच्या रकान्यात व्यापाऱ्यांच्या नावांखाली एक ओळ थोरल्याची लिहावी, वडिलांनी सही करावी, धाकट्याने आणि बहिणीने खाली साक्षीदार म्हणून. एक प्रत तिच्याकडेही राहू द्यावी.