हवामानाचे भविष्य कसे वाचावे?

हवामानबदलावरील लेख आज दैनिकांत, मासिकांत आणि सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत पुष्कळ येतात. ते वाचून एक वाचक घाबरून जातो. दुसरा हसून म्हणतो, "उद्याच्या पावसाचा अंदाज चुकतो, आणि हे २१०० सालचे सांगायला निघाले!" माझ्या मते दोघांचाही घोटाळा एकच आहे. शास्त्रज्ञाचे विधान आणि ज्योतिष्याचे भविष्य यांत ते फरक करीत नाहीत. तो फरक कोणता, एवढाच आजचा विषय.

उदाहरणासाठी गणपतीपुळ्याचा किनारा घेऊ. येथे उभे राहून तीन प्रकारची भाकिते करता येतात. पहिले भरतीचे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अदमासे निघते. चतुर्थीला ती तीनच्या सुमारास येते. हा हिशेब पुढच्या वर्षीही चालेल, कारण भरती चंद्रसूर्यांच्या गतीशी बांधलेली आहे. दुसरे भाकीत उद्यापरवाच्या पावसाचे. हवेच्या आजच्या स्थितीचे मोजमाप करताना राहिलेली बारीकशी चूक दिवसागणिक वाढत जाते, हे एडवर्ड लोरेन्झ या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६३ साली गणिताने दाखविले. म्हणून अमुक दिवशी पाऊस पडेल की नाही, हे दोन आठवड्यांपलीकडे सांगता येत नाही. तिसरे भाकीत ऋतूचे. जुलैत येथे मेपेक्षा अधिक पाऊस पडेल, हे आपण दहा वर्षे आधीही छातीठोकपणे सांगू. मात्र त्या महिन्यातली अमुक तारीख ओली की कोरडी, हे सांगणार नाही. हवामानबदलाचे भाकीत या तिसऱ्या जातीचे आहे. त्याला दुसऱ्या जातीचे माप लावणे न्यायाचे नव्हे.

ऋतूला जसे सूर्याचे कारण, तसे या बदलाला कर्बवायूचे कारण आहे. हा वायू पृथ्वीची बाहेर जाणारी उष्णता अडवितो. त्याचे प्रमाण वाढल्यास तापमान किती वाढेल, याचा हिशेब स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८९६ सालीच मांडला होता. १९५८ साली हवाई बेटांतील मौना लोआ येथे नियमित मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे ३१५ भाग होता. आज तो ४२० च्या वर गेला आहे.

आता मुख्य मुद्दा. ज्योतिषी सांगतो, "असे होणार." शास्त्रज्ञ सांगतो, "जर इतका कोळसा आणि तेल जाळले, तर असे होईल." आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय समितीच्या २०२१ च्या अहवालात असे अनेक 'जर' मांडलेले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या तुलनेने या शतकाच्या अखेरीस पृथ्वीचे सरासरी तापमान, धूर झपाट्याने आटोक्यात आणल्यास सुमारे १.४ अंश सेल्सियसने, आणि तो बेसुमार वाढू दिल्यास सुमारे ४.४ अंशांनी वाढलेले असेल. या दोन आकड्यांतील अंतर पाहून "यांचे यांनाच कळत नाही" असे म्हणणे चूक आहे. त्या अंतरातील मोठा भाग माणसाने काय करावे यावर अवलंबून आहे. बातमीचा मथळा लिहिताना नेमका हा 'जर' गळतो. वाचकाने तो शोधून पुन्हा जागेवर बसवावा.

दुसरी काळजी सरासरीची. भारत सरकारच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयाने २०२० साली एक मूल्यमापन प्रसिद्ध केले. त्याप्रमाणे १९५१ ते २०१५ या काळात देशाचा मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. पण मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याचे प्रसंग १९५० ते २०१५ या काळात सुमारे ७५ टक्क्यांनी वाढले. पाऊस घटला हेही खरे आणि अतिवृष्टी वाढली हेही खरे. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची शक्ती सुमारे ७ टक्क्यांनी वाढते; मग पडतो तेव्हा तो कोसळतो. तथापि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात आलेल्या पुरासारखा एकच प्रसंग घेऊन "हा हवामानबदलानेच आला ना?" असे विचारू नये. फाशाची एक बाजू जड केली, तर पडलेले एक दान त्यामुळेच पडले असे म्हणता येत नाही. पण शंभर दानांत फरक दिसतोच.

तिसरी काळजी जागेची. जगाच्या हवामानाचे गणित करताना पृथ्वीचे चौकोन पाडतात, आणि एकेका चौकोनाची बाजू बहुधा शंभर किलोमीटरच्या आसपास असते. गणपतीपुळ्याची वाळू आणि सह्याद्रीचा माथा यांतले अंतर त्याहून पुष्कळ कमी आहे, पण दोन्हींकडचा पाऊस किती निराळा! म्हणून एखाद्या गावाचा २०५० सालचा पाऊस कोणी मिलिमीटरात सांगू लागला, तर ते विधान सावधपणे घ्यावे.

हे सारे कशासाठी? आज लावलेले हापूसचे कलम कित्येक दशके उभे राहावयाचे आहे. किनाऱ्यालगत आज बांधलेले घर नातवंडांनी वापरावयाचे आहे. म्हणजे २०५० चे निर्णय आपण आजच घेत आहो. त्यातही समुद्राच्या बाबतीत 'जर'ला मोकळीक थोडी आहे. धूर अगदी कमी केला तरी २१०० पर्यंत जगातील समुद्राची सरासरी पातळी २८ ते ५५ सेंटिमीटरने, आणि बेसुमार वाढू दिल्यास ६३ ते १०१ सेंटिमीटरने चढण्याचा संभव तोच अहवाल सांगतो. कमीत कमी आकड्याची तयारी तरी किनाऱ्यावरच्या माणसाला करावीच लागेल.

यापुढे असा लेख हाती आला की चार प्रश्न विचारावेत: हे विधान किती काळाचे आहे? कोणत्या 'जर'वर उभे आहे? सरासरीचे आहे की टोकाचे? आणि किती मोठ्या प्रदेशाचे आहे? या चारांची उत्तरे जो लेख देतो, तो जपून ठेवावा, आणि घर बांधण्यापूर्वी किंवा कलम लावण्यापूर्वी पुन्हा एकदा वाचावा.