पळवाटेची किंमत

एचआयव्हीची बाधा झालेली पेशी आपल्या पोटातला शत्रू सहसा लपवू शकत नाही. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी स्वतःच्या अंतरंगात घडणाऱ्या प्रथिनांचे लहान तुकडे, बहुधा आठ ते अकरा अमिनो आम्लांचे, एचएलए या रेणूंच्या खोबणीत बसवून पृष्ठभागावर मांडीत असते. मारक टी पेशी त्यांची अखंड झडती घेतात आणि परका तुकडा आढळताच त्या पेशीचा नाश करतात. परक्याची ही ओळख पटते ती स्वकीय रेणूच्या संदर्भातच, हे तत्त्व झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी १९७४ साली कॅनबेरा येथे उंदरांवरील प्रयोगांनी सिद्ध केले व त्याबद्दल १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळविले.

इतका चोख बंदोबस्त असताही हा विषाणू टिकून राहतो, त्याचे एक मोठे कारण त्याच्या पुनरुत्पादनाच्या रीतीत आहे. आरएनएवरून डीएनए घडविणाऱ्या त्याच्या विकराला झालेली चूक दुरुस्त करता येत नाही, आणि रोज अब्जावधी विषाणुकण जन्मत असल्यामुळे अल्प मुदतीत असंख्य भेद उत्पन्न होतात. एखाद्या भेदात एकच अमिनो आम्ल बदललेले असते. पण तेवढ्याने तुकडा नीट छाटला जात नाही, किंवा खोबणीत बसत नाही, अथवा बसूनही टी पेशीला ओळखू येत नाही, आणि ओळखल्या गेलेल्यांचा संहार चालू असता हा अनोळखी वंश फोफावतो. ऑक्सफर्डचे अँड्र्यू मॅकमायकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली रुग्णांच्या ठायी असे निसटलेले भेद दाखवून दिले.

ही पळवाट मात्र फुकट मिळत नाही, आणि या साऱ्या विषयात मला सर्वांत आशादायी वाटते ती हीच गोष्ट. एचएलए-बी २७ हा प्रकार ज्यांना जन्मतः लाभलेला असतो, अशांपैकी अनेकांना औषधावाचूनही रोग दीर्घकाळ आवरता येतो. कारण त्यांच्या टी पेशींचा रोख विषाणूचे आतले कवच घडविणाऱ्या पी २४ या प्रथिनाच्या एका तुकड्यावर असतो. हे कवच म्हणजे त्या एकाच प्रथिनाच्या हजाराहून अधिक प्रतींची परस्परांत गुंतलेली रचना. तीत, पी २४ ज्यातून छाटले जाते त्या मूळ गॅग प्रथिनाच्या क्रमाने मोजता, २६४ व्या स्थानी आर्जिनिनच्या जागी लायसिन आले की तुकडा खोबणीतून सुटतो खरा, पण विषाणूची वाढही खुंटते. दूरच्या १७३ व्या स्थानी सेरिनऐवजी ॲलानिन येऊन ती उणीव भरून निघेपर्यंत त्याला निसटणे परवडत नाही, आणि हा योग जुळण्यास पुष्कळदा कित्येक वर्षे लागतात. तो जुळला की इतका काळ आवरलेला रोग बळावू लागतो. बी ५७ असणाऱ्यांत २४२ व्या स्थानी होणारा बदल असाच महाग पडतो. तो घेऊन विषाणू बी ५७ किंवा त्याचा निकटचा आप्त बी ५८ नसलेल्या माणसात शिरला, की दडपण उठल्यामुळे बहुधा पूर्वरूपावर येतो.

पळवाटेच्या या किमतीचा विचार लस घडवितानाही करावा लागतो. २००७ साली थांबविलेल्या एका मोठ्या चाचणीतील एचआयव्हीविरोधी लसीने टी पेशी जागृत केल्या होत्या, तरी संसर्ग टळला नाही. तेव्हा टी पेशी किती जागृत होतात याइतकेच महत्त्व त्या कोणत्या स्थानांवर रोख धरतात याला आहे, अशी धारणा पुढे दृढ झाली, आणि मला ती रास्त वाटते. अडचण इतकीच, की एचएलएचे प्रकार माणसागणिक भिन्न असल्यामुळे एकाच्या पेशीवर मांडला जाणारा तुकडा दुसऱ्याच्या पेशीवर दिसेलच असे नाही.