नाव जर्मन, माहेर आपलं

भालकीहून एका वाचक भगिनींनी विचारलं आहे : ‘‘मोरीत मोठी झुरळं आधीपासून होतीच, पण दिवाळीनंतर ओट्याखाली बारकी बारकी दिसू लागलीत. ही त्यांचीच पिल्लं का? फवारा मारला की चार दिवस गायब, पाचव्या दिवशी पुन्हा हजर.’’

पिल्लं नव्हेत, ताई. ती जातच वेगळी आहे, आणि तिनं घर धरलं असेल तर मोरीतल्या दांडग्यांची काळजी तूर्त सोडा. मोरीतलं तांबूस, अंगठ्याच्या पेराहून मोठं ते ‘अमेरिकन’ झुरळ (मुळातलं आफ्रिकेचं, पण ते असो). गटारात राहतं, पावसाचं पाणी तुंबलं की वर येतं. मोरीला बारीक जाळी बसवली की निम्मं काम झालं. बारकं झुरळ सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचं, फिकट तपकिरी, आणि डोक्यामागे दोन काळ्या उभ्या रेघा, पेनानं ओढल्यासारख्या. हे ‘जर्मन’ झुरळ. माणसाच्या आसऱ्याबाहेर त्याचा टिकाव लागत नाही. त्याचं सगळं विश्व म्हणजे तुमचं स्वयंपाकघर.

जर्मनीशी त्याचं नातं नावापुरतंच. १७६७ मध्ये जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं ‘जर्मनिका’ म्हटलं आणि ते चिकटलं. रशियन लोक त्यालाच ‘प्रुसाक’, म्हणजे प्रशियावाला म्हणतात. शेजाऱ्याच्या नावावर बिल फाडायची रीत सगळीकडे सारखीच! खरं गाव २०२४ मध्ये कळलं. १७ देशांतल्या २८१ झुरळांची जनुकं ताडून पाहिली तेव्हा उत्तर आलं ते भारत किंवा म्यानमार. शेतात, पालापाचोळ्यात राहणाऱ्या एका आशियाई झुरळापासून सुमारे २,१०० वर्षांपूर्वी ही शाखा फुटली आणि माणसाच्या घरात शिरली. सुमारे १,२०० वर्षांपूर्वी ती पश्चिमेला अरब जगात गेली. युरोपात पोचली ती जेमतेम पावणेतीनशे वर्षांपूर्वी, म्हणजे लिनियसच्या हयातीतच.

बाराशे वर्षांपूर्वी आपल्या भागात काय चाललं होतं? सेडम तालुक्यातलं मळखेड तेव्हा मान्यखेट होतं, राष्ट्रकूटांची राजधानी, आणि गादीवर अमोघवर्ष. इ. स. ८५१ च्या एका अरबी वृत्तांतात ‘बल्हारा’, म्हणजे हाच वल्लभराज, जगातल्या चार थोर राजांमध्ये गणला आहे. अरबांवर याचा फार लोभ, असंही त्यात लिहिलंय. पश्चिम किनाऱ्यावरून गलबतं भरभरून तिकडे जात होती. आता झुरळ मळखेडच्या गोणीतून गेलं असं कुणी संशोधक म्हणत नाही; त्यांचं बोट बंगालच्या उपसागराकडे आहे. पण कागिणाकाठच्या त्या पडक्या किल्ल्यात उभं राहिलं की माझ्या डोक्यात ही गोणी येतेच. आणि आपण त्याला झुरळ म्हणतो, कन्नड शेजारी जिरळे म्हणतात. नावालासुद्धा सीमा अडवू शकली नाही, तिथे गोणीचं काय घेऊन बसलात.

बाराशे वर्षांचं सोडा, गेल्या साली ते बीदरला आमच्याच घरी आलं. जुना फ्रिज घेतला होता, स्वस्तात. महिन्याभरानं रात्री पाणी प्यायला उठलो, दिवा लावला, तर ओट्यावरून चार ठिपके सुर्रकन शेगडीखाली. दुसऱ्या दिवशी फ्रिज ओढून मागे टॉर्च मारला. कॉम्प्रेसरच्या उबेला, पत्र्याच्या कडेनं, मिऱ्याची भरड सांडल्यासारखे काळे कण. ती त्यांची विष्ठा. सोबत कात टाकलेली पारदर्शक टरफलं आणि एक कुबट, तेलकट वास. दाराच्या रबराच्या घडीत एक मादी बसली होती. पोटाच्या टोकाला तांदळाच्या दाण्याहून जराशी मोठी तपकिरी डबी. त्या एका डबीत तीस-चाळीस अंडी असतात, आणि फुटायची वेळ येईस्तोवर मादी ती अंगावरच वागवते. फवारा डबीत शिरत नाही. पिल्लं दोन-तीन महिन्यांत जाणती होतात. हिशेब तुम्हीच करा.

रुपयाचं नाणं जेमतेम सरकेल एवढी फट त्यांना पुरते. पाठ आणि पोट दोन्ही कशाला तरी टेकलं की त्यांना बरं वाटतं. म्हणून रात्री दिसली तर ठीक, भरदिवसा उघड्यावर फिरताना दिसू लागली तर समजावं की फटींत आता जागा उरलेली नाही.

मग फवारा का हरतो? कारण झुरळं बदलतात. इथे मला कीटकशास्त्रज्ञ ज्यूल्स सिल्व्हरमन यांची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऐंशीच्या दशकात गोड पाकात विष कालवलेलं आमिष निघालं आणि अमेरिकेत झुरळं पटापट मेली. काही वर्षांनी फ्लोरिडातल्या एका घरात ती आमिषाला तोंडच लावेनात. विषाचा वास येत असणार, असं कुणालाही वाटलं असतं. सिल्व्हरमननी आमिषातला एकेक पदार्थ वेगळा करून समोर ठेवला. झुरळं मागे फिरली ती ग्लुकोजपासून! विष राहिलं बाजूला. आणि ही खोड पिल्लांतही उतरत होती. हे छापलं गेलं १९९३ मध्ये. या झुरळांच्या जिभेला, म्हणजे तोंडाजवळच्या केसांना, ग्लुकोज कडू लागतं हे उघड व्हायला २०१३ साल उजाडलं. जगभर बातम्या झाल्या त्या तेव्हा. वीस वर्षांआधीच्या त्या प्रयोगाची आठवण फार थोड्यांना असते. पुढची गंमत तर आणखी न्यारी. नर पंख उचलून पाठीवरचा गोड स्राव मादीला देऊ करतो. तिच्या लाळेनं त्याचं ग्लुकोज होतं, ते कडू लागतं, आणि नवरी मांडवातून पळते.

विषाबाबतही तेच. २०१९ मध्ये अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठातल्या अभ्यासात काही झुरळांची प्रतिकारशक्ती एकाच पिढीत चार ते सहा पट वाढलेली आढळली. शिवाय फवारा झुरळांना मारतो त्याहून जास्त पांगवतो : स्वयंपाकघरातली देवघरात. खोली बंद करून धूर सोडायचे डबे घरांमध्ये तपासले गेले, झुरळं कमी झाली नाहीत. आणि ते प्लगला लावायचं, ‘ध्वनिलहरींनी’ झुरळं पळवणारं यंत्र? असल्या यंत्रांच्या दाव्यांवरून अमेरिकेच्या व्यापार आयोगानं २००१ मध्ये साठहून अधिक उत्पादक-विक्रेत्यांना ताकीद दिली होती. आपल्याकडे ती अजून जत्रेत खपतात.

काम करतं ते विषारी आमिषाचं जेल. मोहरीएवढे ठिपके, पण फटीत, बिजागरीत, कॉम्प्रेसरजवळ. विष सावकाश चढतं, झुरळ मुक्कामी जाऊन मरतं, त्याची विष्ठा आणि मढं पिल्लं खातात, तीही जातात. जेलच्या आसपास फवारा मारू नका, नाहीतर ती तिकडे फिरकणारच नाहीत. तीन-चार आठवड्यांनी, नव्या डब्या फुटल्या की पुन्हा ठिपके द्या. कॅरमची बोरिक पावडरही चालते, फुंकर मारल्यासारखी पातळ. ढीग केला तर ती वळसा घालून जातात. जेल असो की पावडर, लेकरांच्या हाताला लागू देऊ नका. रात्री सिंक कोरडं, फडकं दोरीवर, फ्रिजखालची पाण्याची ताटली रिकामी. अन्नावाचून ही झुरळं महिनाभर काढतात, पाण्यावाचून मात्र दोनेक आठवडेच. घरात दम्याचं मूल असेल तर चालढकल नको. १९९७ च्या एका अमेरिकी अभ्यासात झुरळांची अ‍ॅलर्जी असलेल्या आणि झुरळांच्या घरात राहणाऱ्या मुलांना दवाखान्यात भरती करावं लागण्याचं प्रमाण इतर मुलांच्या तिपटीच्या वर होतं.

तर ताई, दिवाळीत घरात काय आलं ते आठवा. हैदराबाद-पुण्याच्या पाहुण्यांच्या बॅगा, किराण्याची पुठ्ठ्याची खोकी, की कुणी दिलेला जुना मिक्सर? खोकी आजच बाहेर काढा. रात्री चिकट पुठ्ठे ठेवा : एक शेगडीमागे, एक सिंकखाली, एक फ्रिजमागे. सकाळी ज्याच्यावर गर्दी, तिथे जेल. माझा अंदाज फ्रिजचा आहे.